अकरा घरं

ग्रिम्सबीच्या गोदीमागे आमचं ऑफिस.
वर दोन खोल्या, जिन्यात ओल्या बुटांचा वास.
पहाटे मासळीचा लिलाव होतो,
कुणी किती किलो उचलले, किती पौंड देणं झालं,
हे आमचा प्रोग्राम सांगतो.
जावा सहावर जन्मला, आठवर येऊन बसला,
तो बसलाच.

फोनवर आईला म्हटलं, आठ जावांवरून सतरावर चाललोय.
ती म्हणाली, मला एक सांभाळता आली नाही.

रॉझला थेट उडी हवी होती. मी म्हटलं, आधी अकरा,
म्हणजे पाय मोडला तर कुठे मोडला ते कळेल.
अकरावर कळलं, एक्सएमएल वाचणारा वेगळा निघालाय,
इतकी वर्षं घरचाच समजून त्याला कुणी मोजलं नव्हतं.
बाकी नुसती कुरकुर:
तुमची अमुक लायब्ररी दुसरीच्या कपाटात हात घालते,
पुढे चालवून घेतलं जाणार नाही.
आम्ही वाचलं, आणि जेवायला गेलो.

सतराने त्या हातावर कपाटाचं दार आपटलं.

मे गेला. जून गेला.
एक मात्र बरं झालं,
पूर्वी नल आला की नुसता ओळीचा नंबर मिळायचा,
आता नाव घेऊन सांगतो, रिकामं कोण होतं.
(माणसांत ही सोय अजून आलेली नाही.)
जुलैअखेर सगळ्या टेस्ट हिरव्या.
रॉझने केक आणला, लिंबाचा, जरा कोरडा.

एक सप्टेंबर, पहाटे पाच पन्नास.
पंचावन्न किलो हॅडॉक
हिशेबाच्या फाइलमध्ये वीस हजार पाच किलो झाला.
गिऱ्हाईक दारातली एक पांढरी व्हॅन, एकच माणूस,
तो बिलाकडे बघत होता
आणि मी त्याच्याकडे.

साडेदहाला सापडलं.
ब्रिटिश सप्टेंबर आता तीन अक्षरांत मावत नाही,
नव्या जावात त्याला शेवटी एक टी जास्त.
तारीख एक घर पुढे सरकली,
सालातला शेवटचा दोन
वजनाच्या पहिल्या घरात जाऊन बसला.
टेस्ट आम्ही जुलैत चालवल्या होत्या.
जुलैला काय धाड भरली होती?

त्या ओळीवर क्लिफर्ड डॅनटची टीप होती, दोन हजार नऊची:
तारखेला अकरा घरं. जास्त लागणार नाहीत.
त्याला फोन लावला. निवृत्त, लीकच्या वाफ्यात उभा,
मागे वारा.
बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,
माझी आई नेहमी टी लावूनच लिहायची.

मी महिन्याला आकडा दिला, शून्य नऊ,
दोन घरं, बारमाही.
सव्वा ओळीचं काम.

रात्री झोप येईना. बाबा आठवले,
सांगलीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे.
शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा
‘कांहीं’च्या डोक्यावरचे दोन्ही ठिपके गेले,
‘नाहीं’चा गेला. उच्चारात नव्हतेच, कुणाचं अडलं नाही.
पण कितीतरी महिने म्हणे
त्यांचा हात अनुस्वाराच्या खणाकडे जायचा,
अर्ध्यात थांबायचा,
आणि त्या थांबण्यापायी ओळ
रोजच्यापेक्षा उशिरा भरायची.
मालक ओरडायचा. बाबा म्हणायचे,
डोक्याला नियम कळलाय, हाताला कळवतोय.

ते ठिपक्यांचे खिळे त्यांनी वितळवायला दिले नाहीत.
काडेपेटीत घालून घरी आणले,
कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

क्लिफर्डची टीप मी खोडायला घेतली होती.
राहू दिली. खाली लिहिलं:
लागलं. एक सप्टेंबर, बावीस.
महिना आकड्यातच लिहिला,
सवयीने आधी नावात लिहून,
मग खोडून.